तारेतलं बेट

नांदूरगव्हाणात सुंदररावांचं नाव कुठं लिहिलेलं नाही हे शोधायला निघालं तर माणसाचा दिवस मोडेल. बसथांब्यावर त्यांचं नाव, पाण्याच्या टाकीवर त्यांचं नाव, मारुतीच्या पारावरच्या सिमेंटच्या बाकड्यांवर अगदी पाठ टेकायच्या जागी त्यांचं नाव. स्मशानातल्या पत्र्याच्या शेडवरही 'सौजन्य : सुंदरराव' असं लाल रंगात ठसठशीत लिहिलेलं आहे, त्यामुळे गावातल्या माणसाची शेवटपर्यंतची सोय झालेली आहे. सुंदररावांना खाण्यापिण्याचा सोस बेताचा, कपड्यालत्त्याचा त्याहून कमी. पण नावाची भूक मात्र काही केल्या भागत नसे.

एवढं असूनही एका जागेच्या बाबतीत त्यांचं नाव चालेना. गावाच्या खालच्या अंगाला, माजलगाव धरणाचं पाणी जिथवर चढतं तिथं, गावचं गायरान आहे. धरण भरलं की पाणी तिन्ही बाजूंनी येतं आणि गायरानाची टेकडी तेवढी वर उरते. लोक त्याला बेट म्हणतात. दहाएक वर्षांमागे सुंदररावांनी 'जनावरं पाण्यात पडून मरायलीत, कुणीतरी लक्ष द्यायला पाहिजे' असं म्हणून तिथं लक्ष दिलं. लक्ष देता देता तारेचं कुंपण झालं, कुंपणाला लोखंडी फाटक झालं आणि फाटकावर पाटी लागली : 'सुंदरराव फार्म, परवानगीशिवाय आत येऊ नये.' आत त्यांनी आंब्याची रोपं लावली, ती वाळली. मग काहीच लावलं नाही. गवत कंबरेएवढं वाढायचं आणि उन्हाळ्यात उभ्या उभ्या जळून जायचं. गावच्या शेळ्या बाहेरून तारेत तोंड घालून पोहोचेल तेवढं ओरबाडायच्या.

त्या शेळ्यांत निम्म्या शहादेवाच्या. शहादेव आणि त्याची बायको भिवराबाई यांनी जन्मभर ऊस तोडला, आता कंबर धरली म्हणून गावीच शेळ्या राखतात. दरसाल टोळीबरोबर जाते ती त्यांची लेक दिपाली. भिवराबाईनं त्या पाटीवरचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. ती त्या जागेला 'तारंतलं' म्हणायची आणि तिचं ऐकून सगळं गाव 'तारंतलं' म्हणायला लागलं. सुंदररावांना हे फार लागायचं. एकदा त्यांनी तिला रस्त्यात अडवून विचारलं, "भिवराबाई, पाटी लावलीया ती दिसत न्हाई का?"

"मला दिसती की," भिवराबाई म्हणाली, "शेळीला कुठं वाचता येतंय?"

आता सुंदररावांच्या घरची गोष्ट. त्यांचा मुलगा विजयसिंह पवनचक्क्यांचा इंजिनिअर. तो इकडच्या डोंगरावर काम करत होता तेव्हा 'पोरगा खेड्यात राहतो' म्हणून मुलीकडचे नकार द्यायचे. पुढे त्याला स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर समुद्रातल्या एका बेटावर नोकरी लागली, तर 'पोरगा लई लांब राहतो' म्हणून नकार यायला लागले. पस्तिशी दिसू लागली. छबुबाई, म्हणजे सुंदररावांच्या पत्नी, रोज दिवा लावताना देवाला एकच गोष्ट सांगायच्या आणि तो ऐकत नाही म्हणून त्याच्यावर रुसायच्या. अशात विजयसिंहाचा फोन आला की मुलगी बघितली आहे, त्या बेटावरचीच आहे, नाव एली, शाळेत शिकवते.

छबुबाईंनी पदरानं डोळे पुसले. सुंदररावांनी फोन हातात घेतला. जात विचारायची सोय उरली नव्हती, म्हणून त्यांनी जमीन विचारली.

"वडील काय करत्यात?"

"शेती, आबा. मर्डो नाव त्यांचं. मेंढ्या आहेत, घरी माग आहे, त्यावर लोकरीचं कापड विणतात."

"शेती किती?"

"सहा एकर."

सुंदररावांचा चेहरा पडला. "बागायत हाय का?"

"बागायत कसलं आबा, खडक आणि दलदल. वारा एवढा की झाड म्हणून टिकत नाही. पण गायरान आहे तीन हजार एकर, त्यात—"

"किती?"

"तीन हजार. त्यात त्यांचा—"

पुढचं सुंदररावांनी ऐकलंच नाही. गायरान म्हणजे काय आणि ते माणसाकडं कसं 'असतं', हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आपल्याला चाळीस एकर तारेत घ्यायला तीन सरपंच सांभाळावे लागले, आणि ह्या गड्यानं तीन हजार दाबलं! वर माणूस इतका साधा की विचारलं तर सहाच सांगतो. न बघितलेल्या त्या व्याह्याबद्दल सुंदररावांच्या मनात असा आदर दाटून आला की ते बसल्या जागी सावरून बसले.

"त्यांला सांग," ते म्हणाले, "आमचं बी बेट हाय म्हणावं. बारकं हाय, पर हाय. त्ये बी गायरानच."

विजयसिंह जरा घुटमळला, पण त्यानं सांगितलं. दोन दिवसांनी निरोप आला की मर्डोला फार आनंद झाला आहे, दसऱ्याला तो लेकीला घेऊन येतोय, आणि त्याला काही नको, फक्त गावचं गायरान बघायचं आहे. सुंदररावांनी त्या दिवशी घराला रंग द्यायला सांगितलं.

खरा उलगडा झाला तो विजयसिंह आठवडाभर आधी घरी पोहोचला तेव्हा. बाप-लेक अंगणात बसले होते.

"आबा, ते तीन हजार एकर मर्डोचं नाही. सगळ्या गावाचं आहे. प्रत्येक घराचा वाटा ठरलेला, कुणी किती मेंढ्या सोडायच्या ते ठरलेलं. त्याची कमिटी असते आणि मर्डो त्या कमिटीचा कारभारी आहे."

"म्हंजी दाबलेलं न्हाई?" सुंदररावांचा विश्वास बसेना. "तीन हजार एकर, आन् येकानं बी न्हाई दाबलं?"

"एकानं दाबलं होतं, शंभर वर्षांमागं. लोकांनी परत घेतलं. मर्डोचे पणजोबा त्यापायी जेलात गेलते."

सुंदररावांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवायचं विसरले. "मंग ह्ये तू आदी कावून न्हाई सांगितलंस?"

"सांगत होतो. तुम्ही ऐकत नव्हता." विजयसिंहानं मान खाली घातली. "मर्डो पत्रिका बघत नाही, पगार बघत नाही. पोरगा कसा आहे ते त्याच्या घरच्यांबरोबर गायरान वाटून घेणाऱ्या लोकांना विचारायचं, असा त्यांच्याकडचा रिवाज आहे. मी त्यांना सांगून बसलोय की बेट गावाचं आहे, आबा नुसती देखरेख करतात. मर्डो हो म्हणाला तरच एली हो म्हणणार. आबा, माझं लग्न व्हावं असं वाटत असलं, तर त्या एका दिवशी ते गावाचं असू द्या."

पोरगं लहानपणी सायकलीसाठी असं बोललं होतं, त्यानंतर आजच. सुंदररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते म्हणाले, "येकच दिवस ना? येवढंच ना?"

कारण एका दिवसासाठी माणसं उभी करणं हा तर त्यांचा हातखंडा. कुठल्याही पुढाऱ्याची सभा असो, मैदान भरायचं काम सुंदररावांकडं यायचं आणि ते बजरंगाकडं जायचं. बजरंग हा त्यांचा उजवा हात. त्याला बोलावून घेतलं.

"बजरंग, वाटेकरी पायजेत."

"किती आणू, आबासाहेब?"

"पन्नासेक. शेळ्यांसकट. 'आमचा वाटा सारखा हाय, तक्रार न्हाई' येवढंच बोलायचं. पुरीभाजी आपल्याकडून."

"झेंडे कोणते? घोषणा?"

"घोषणा न्हाई बे! सभा हाय का ती?"

बजरंग पहिल्यांदा गेला शहादेवाकडं, कारण त्याच्याशिवाय शेळ्यांचा आकडा जमणार नव्हता. शहादेव दोरी वळत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"येतो की," तो म्हणाला. "पर आदीच सांगून ठिवतो. माणसं तुमी म्हणाल त्ये बोलतील. शेळ्यांला नाटक जमायचं न्हाई. त्या खरंच चरतील."

"चरू द्या की, येक दिवस!"

"आन् संध्याकाळी त्यांला भाईर कोण काढणार हाय?" आतून भिवराबाईनं विचारलं.

ह्याचा विचार बजरंगानं केला नव्हता. सुंदररावांनीही केला नव्हता.

मर्डो आला तो रविवारी. बुटका, पायानं जरा फेंगडा, लाल चेहऱ्याचा, आणि अंगात जाड लोकरीचा कोट. बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, पण कोट त्यानं स्वतः विणलेला होता आणि तो काढायचं नाव घेईना. एली उंच, तांबूस केसांची, हसरी. ती आल्या आल्या वाकून पाया पडली, तेव्हा छबुबाईंचा देवावरचा रुसवा संपला. त्यांनी मर्डोच्या कोटाची बाही दोन बोटांत धरून बघितली आणि निर्णय दिला, "घोंगडीच हाय की ही! बाह्या लावल्यात नुसत्या."

सुंदररावांना धास्ती होती ती इंग्रजीची. त्यांनी एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं, ते ऐन वेळी पळालं. पण दुभाषी म्हणून त्यांची लेक स्वप्नाली होती, माजलगावला शाळेत इंग्रजी शिकवणारी. नवऱ्या मुलानं मध्ये बोलू नये म्हणून हे काम तिच्याकडं. तिनं मर्डोचं पहिलंच बोलणं सांगितलं, "आबा, ते म्हणतात, इंग्रजी त्यांची पण भाषा नाही. घरात गेलिक बोलतात. इंग्रजी शाळेत मार खाऊन शिकले."

"मंग आपलं येकच हाय म्हण," सुंदरराव एकदम मोकळे झाले. "मी बी मार खाल्ला. फक्त आली न्हाई."

रविवार असल्यानं मर्डो दिवसभर काही करायला तयार नव्हता. त्यांच्या बेटावर रविवारी नांगर नाही, माग नाही, दोरीवर कपडे वाळत घालणंसुद्धा नाही. छबुबाईंना हा देव फार आवडला. दुपारभर त्या आणि एली, मध्ये दुभाषी स्वप्नाली, परसात बसून होत्या. गोवऱ्यांची रचलेली रास बघून एली नाचायचीच राहिली. त्यांच्याकडं झाडं नाहीत, म्हणून दलदलीतली काळी माती विटांसारखी कापतात, उन्हात वाळवतात, घरामागं अशीच रास रचतात आणि हिवाळाभर चुलीत घालतात. "म्हंजी गवऱ्याच," छबुबाई म्हणाल्या, "नुसती म्हैस न्हाई मधी." मग एलीनं त्यांच्या गावात एका नावाची माणसं ढीगभर असल्यामुळं बापाचं, आजाचं, पणजाचं नाव लावून हाक मारतात ते सांगितलं आणि बापाचं नाव पाच पिढ्यांपर्यंत म्हणून दाखवलं. ओट्यावर बसलेल्या सुंदररावांनी ते कान देऊन ऐकलं. पाटी न लावता पाच पिढ्या नाव टिकतं कसं, हे त्यांना कळेना.

दसऱ्याच्या दिवशी दुपार कलल्यावर सगळे बेटाकडं निघाले. पूर्वी गावाचं सीमोल्लंघन तिथंच व्हायचं, कारण आपट्याचं जुनं झाड तिथंच. तार लागल्यापासून लोक रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी बांधावर फांदी रोवून सोनं लुटत होते. आज फाटक सताड उघडं होतं. जुनी पाटी बजरंगानं काढली होती आणि पेंटरकडून नवी करून आणली होती : 'गावचे गायरान.' पेंटरचा हात गेली वीस वर्षं एका वळणावर गेलेला. त्यानं खाली लाल रंगात ओळ ओढली होती : 'सौजन्य : सुंदरराव.'

मर्डोनं दोन्ही ओळींचा अर्थ विचारला. स्वप्नालीनं सांगितला.

"ते विचारतात, गावचं गायरान कुणाच्या सौजन्यानं कसं असेल?"

"पेंटरची सवय हाय म्हणावं," सुंदरराव घाम पुसत म्हणाले आणि बजरंगाकडं असं बघितलं की तो दोन पावलं मागं सरला.

आत देखावा मात्र झकास होता. कंबरेएवढ्या हिरव्यागार गवतात पन्नास माणसं रांगेत उभी, तिन्ही बाजूंना पाणी चमकतंय आणि शेळ्या गवतात बुडून गेल्यात. कानांचे शेंडे तेवढे हलत होते. शहादेवानं म्हटल्याप्रमाणं त्या नाटक करत नव्हत्या. मर्डो रांगेपाशी गेला, पहिल्या माणसाशी हात मिळवला आणि त्याचा वाटा किती ते विचारलं. तो होता बंकट.

"आमचा वाटा सारखा हाय, तक्रार न्हाई," बंकट म्हणाला.

दुसराही तेच म्हणाला. तिसराही तेच म्हणाला, त्याच चालीत. मर्डोनं चौथ्याला विचारलं, शेजारी म्हणून सुंदरराव माणूस कसा आहे? आता ह्याचं उत्तर बजरंगानं शिकवलं नव्हतं. चौथा माणूस गडबडला आणि गडबडलेला माणूस जे करतो ते त्यानं केलं. त्याची मूठ आपोआप वर गेली.

"सुंदररावसाहेब, आगे बढो!"

"हम तुम्हारे साथ हैं!" पन्नास गळे एकदम गरजले. शेळ्या उधळल्या, पाणकावळे उडाले, आणि बजरंगानं सवयीनं दुसऱ्या घोषणेसाठी हात वर केला तो सुंदररावांनी धरून खाली ओढला.

स्वप्नालीनं अर्थ सांगितला. मर्डोनं सुंदररावांकडं बघितलं, मग त्यांच्या पुढं बघितलं. पुढं पाणी होतं.

"ते विचारतात, आबा आणखी पुढं जाणार कुठं?"

मर्डो हसला नाही. आपट्याच्या झाडाखाली जाऊन बसला, सगळ्यांना बसायची खूण केली. म्हणाला, तुम्ही तुमचं सांगितलंत, आता आमचं ऐका. आणि तो सांगू लागला. स्वप्नाली एकेक वाक्य मराठीत करत होती आणि लोक हळूहळू रांग मोडून जवळ सरकत होते.

त्यांच्या बेटावर एक जमीनदार होता. गावाचं गायरान त्यानं आपल्या मेंढ्यांसाठी बंद केलं, लोकांना समुद्राकाठच्या खडकांवर ढकललं. लोक टोपल्यांनी शेवाळ आणून खडकावर माती करायचे आणि त्यात बटाटे लावायचे. पोरं लढाईवर गेली, परत आली तर गाईला चारायला जागा नाही. मग मर्डोच्या पणजोबानं आणि सहा गड्यांनी एका सकाळी गाई, एक कुत्रा आणि झोपड्यांचे वासे घेऊन सरळ कुंपण ओलांडलं.

"मंग?" शहादेवानं विचारलं. तो केव्हाच सगळ्यांत पुढं येऊन बसला होता.

मग बोटीतून पोलीस आले. सातही जणांना जेलात नेलं.

"आन् गाई?"

गाई तिथंच चरत राहिल्या. पोलिसांना गाई हाकता येत नव्हत्या.

भिवराबाईनं शेळ्यांकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मर्डो पुढं म्हणाला, ते सातजण सुटून आले तेव्हा सगळं बेट धक्क्यावर आलं होतं. मग दुसरे गेले, ते आले की तिसरे. शेवटी सरकारनं थकून जमीन घेतली आणि लोकांना दिली. त्याच्यावर गाणं आहे. बायका ओलं लोकरी कापड फळीवर बडवून दाट करतात तेव्हा म्हणतात. एली, म्हण.

एलीनं एका तळव्यावर दुसरा मारत गाणं म्हटलं. शब्द कुणाला कळले नाहीत, पण ठेका कळला. कांडण-दळण केलेल्या बायकांचे हात मांडीवर पडायला लागले. गाणं झाल्यावर स्वप्नाली म्हणाली, "ह्यात त्या सातही जणांची नावं आहेत. आणि त्यांच्या कुत्र्याचं पण."

"आन् त्या जमीनदाराचं नाव काय?" शहादेवानं विचारलं.

मर्डोनं टोपी काढली, डोकं खाजवलं, लेकीला गेलिकमध्ये काही विचारलं. तिनंही खांदे उडवले.

"त्यांना आठवत नाही," स्वप्नाली म्हणाली. "म्हणतात, आता बेटावर कुणालाच आठवत नाही. त्याचा मोठा वाडा होता, दारावर दगडात नाव कोरलेलं होतं. पण दगड शेवाळानं भरला, आणि शेवाळ खरवडून बघावं असं कुणाला वाटलं नाही."

सुंदररावांना उन्हात बसल्या बसल्या थंडी वाजल्यासारखं झालं. दगडात कोरलेलं! आपलं तर रंगानं लिहिलेलं. बसथांब्यावरचं 'सुं' गेल्या पावसाळ्यातच गेलं होतं. कुत्र्याचं नाव शंभर वर्षं गाण्यात राहतं आणि जमीनदाराचं राहत नाही.

तेवढ्यात मर्डोनं सहज विचारलं, आणि तुम्हाला हे गायरान कसं मिळालं?

बंकट गवताची काडी मोडत बसला. शेवटी भिवराबाई म्हणाली, "सांग गं पोरी त्यांला. आमाला अजून मिळालंच न्हाई."

स्वप्नालीनं ते इंग्रजीत केलं नाही. तिनं बापाकडं बघितलं. विजयसिंहानं डोळे मिटून घेतले होते.

सुंदरराव उभे राहिले. उभं राहिलं की त्यांचा घसा आपोआप खाकरतो आणि हात माईक शोधतो. बजरंगानं सवयीनं रिकामी मूठ पुढं केली.

"माज्या तमाम बंधू-भगिनींनो," ते म्हणाले आणि थांबले. जन्मात पहिल्यांदा त्यांना पुढचं वाक्य सापडेना. मग भाषणाचा आवाज गेला आणि घरातला आवाज राहिला. "ह्ये बेट मी तारंत घेतलतं. गावाचं हाय त्ये. ही पाटी आजच्यापुरती हाय, ही माणसं मी बोलावल्यात. पोराचं लगीन व्हावं म्हणून केलं. आता... आता तार काढा. आजच काढा. बास."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण बजरंगानं खूण केली नव्हती. स्वप्नालीनं मात्र एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. सुंदरराव लग्न मोडल्याच्या चेहऱ्यानं उभे होते. छबुबाई तोंडात पदर घालून रडत होत्या.

मर्डो म्हणाला, "आमच्या जमीनदाराला हे कळायला बोट भरून पोलीस लागले." आणि त्यानं आल्यापासून पहिल्यांदा अंगातला कोट काढला, छबुबाईंच्या हातात दिला आणि शहादेवाला खुणेनं विचारलं, पक्कड आहे का?

पक्कड बंकटच्या खिशातच होती. ती तिथं कशी आली हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. दिवस मावळायच्या आत एका अंगाची तार गुंडाळून झाली आणि गावानं त्या मोकळ्या अंगानं सीमोल्लंघन केलं. शहादेवानं आपट्याचं पान सुंदररावांच्या हातावर ठेवलं, "सोनं घ्या, आबा," म्हणाला आणि वाकला. सुंदररावांनी त्याला मध्येच धरून उठवलं.

मर्डोनं होकार दिला, पण कारभारी तो कारभारीच. दुसऱ्या दिवशी कमिटी बसवल्याशिवाय जेवायला उठला नाही. प्रत्येक घराला चार शेळ्यांचा वाटा ठरला, आणि शेळ्यांचा हिशेब ठेवायला कारभारी म्हणून भिवराबाईची निवड झाली, कारण तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. "तुमाला बी चारच," तिनं सुंदररावांना बजावलं. त्यांच्याकडं एकही नव्हती. त्यांनी माजलगावच्या बाजारातून चार आणल्या, कारण वाटा सोडून द्यावा एवढे काही ते बदलले नव्हते.

दिवाळी झाली, टोळ्या कारखान्यांवर गेल्या, फेब्रुवारीत लग्नाची तारीख धरली. बजरंगानं दोनदा विचारलं, "बेटावर पाटी लावायची का, आबासाहेब? नवी चकचकीत?" सुंदरराव दोन्ही वेळा 'बघू' म्हणाले. बेटाचा विषय निघाला की मात्र त्यांना अजून धाकधूक व्हायची, भिवराबाई आता त्याला काय म्हणत असेल.

एका संध्याकाळी ते शेळ्या घेऊन परतत होते. शहादेवाच्या भिंतीआड भिवराबाई फोनवर बोलत होती. दिपाली ऊसतोडीला कर्नाटकात, तिथं धड रेंज नाही, त्यामुळे भिवराबाई ओरडूनच बोलायची.

"शेळ्या ना? बऱ्या हायत की! दूध वाढलंय. कुठं म्हंजी? सुंदररावाच्या बेटावर चारतो ना आता!"

सुंदरराव जागच्या जागी थांबले. शेळ्या पुढं ओढत होत्या, त्यांनी दोरी आवळून धरली.

"आगं न्हाई ऐकू येत का? बेटावर!"

सुंदररावांना राहवेना. त्यांनी भिंतीवरून मान वर काढली.

"भिवराबाई, पोरीला नीट कळलं न्हाई वाटतं," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं सांगा की. कुणाच्या बेटावर?"